काजळीची पाखडणी

दिव्याच्या ज्योतीवर पितळेची वाटी उपडी धरली असतां तिच्या तळाशीं जी काळी मऊ भुकटी जमते तिला आपण काजळी म्हणतों, आणि तीच तुपांत किंवा एरंडेलांत खलली म्हणजे काजळ होतें. ही भुकटी बहुतांशीं कार्बन होय. चुलींतील कोळसा, पेन्सिलीच्या पोटांतील शिसें (जें वास्तविक शिसें नव्हेच, तर ग्रॅफाइट होय) आणि राजमुकुटांतील हिरा हीं सारीं एकाच मूलद्रव्याचीं रूपें, असा पाठ आम्ही शाळेंत दरवर्षीं देतों. आमच्या विद्यार्थ्यांच्या पालकांपैकीं किंवा आजोबांपैकीं ज्यांनीं १९८५ पूर्वीं शाळा सोडली त्यांनीं ‘कार्बनचीं स्फटिकरूपें दोन, हिरा व ग्रॅफाइट’ असें वाक्य घोकलें असेल. तें वाक्य आतां पुरें पडत नाहीं. काजळीच्या पोटांत आणखी कोणते जिन्नस दडलेले असूं शकतात, ते एकमेकांपासून वेगळे कसे करतात, आणि ते वेगळे करण्याची एवढी खटपट कां, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे. विषय नवा व थोडा कठीण आहे. परंतु ज्यानें सुपांत धान्य पाखडलेलें पाहिलें आहे त्याला त्यांतील मुख्य कल्पना कळण्यास अडचण पडूं नये.

१९८५ च्या सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरीं राइस विद्यापीठांत इंग्लंडहून आलेले हॅरॉल्ड क्रोटो आणि तेथील प्राध्यापक रिचर्ड स्मॉली व रॉबर्ट कर्ल यांनीं आपल्या विद्यार्थ्यांच्या साह्यानें ग्रॅफाइटवर लेसर किरणांचा मारा करून कार्बनची वाफ केली. क्रोटो यांचें चित्त खरें म्हणजे आकाशाकडे होतें. कांहीं ताऱ्यांभोवतीं कार्बन अणूंच्या लांबट साखळ्या कशा तयार होत असतील हें त्यांना पाहावयाचें होतें. कणांचें वजन करणाऱ्या यंत्रानें मात्र भलतेंच दाखविलें. ७२० या अंकाशीं एक उंच शिखर उभें राहिलें. कार्बनच्या एका अणूचा भार १२. तेव्हां ७२० ला १२ नें भागिलें असतां ६० येतात. म्हणजे साठ अणूंचा एक रेणु, आणि तोहि इतका टिकाऊ कीं बाकीचे सारे त्याच्यापुढें फिके पडले.

साठच कां? येथें विद्यार्थ्यांनीं फुटबॉल हातीं घ्यावा. काळे पंचकोन व पांढरे षट्कोन शिवून केलेला जो जुन्या धर्तीचा चेंडू असतो, त्यावर पंचकोन १२ आणि षट्कोन २० असतात. पंचकोनांचे कोपरे ६०, षट्कोनांचे १२०, मिळून १८०. परंतु प्रत्येक टोंकाशीं तीन तुकडे एकत्र येतात, म्हणून प्रत्येक कोपरा तीनदां मोजला गेला. १८० ला ३ नें भागावें म्हणजे ६० उरतात. कार्बनचा हा रेणु हुबेहूब त्याच घडणीचा आहे. प्रत्येक टोंकावर एक अणु. षट्कोन वीसऐवजीं पंचवीस घेतले तर काय होतें तें मुलांनीं वहींत करून पाहावें. उत्तर ७० येईल, आणि तसा रेणुहि खरोखरच आहे. पहिल्यास सी-६० व दुसऱ्यास सी-७० म्हणतात. बक्मिन्स्टर फुलर या अमेरिकन स्थापत्यविशारदाचे जाळीदार घुमट प्रसिद्ध होते, त्यांपैकीं एक १९६७ सालच्या माँट्रिअलच्या प्रदर्शनांत उभा केला होता. त्याच्या नांवावरून या सर्व कुळाला ‘फुलरीन’ हें नांव पडलें. १९९६ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक वरील तीन प्राध्यापकांस मिळालें. आणि क्रोटो यांचें आकाशाकडे पाहणेंहि फुकट गेलें नाहीं. २०१० सालीं स्पिट्झर नांवाच्या अवकाशस्थ दुर्बिणीनें एका तेजोमेघांत सी-६० व सी-७० यांच्या खुणा ओळखल्या.

१९८५ सालीं जें मिळालें तें यंत्रांत दिसण्यापुरतें होतें. चमच्यानें उचलतां येईल एवढा माल पांच वर्षांनीं निघाला. १९९० सालीं जर्मनींतील क्रेचमर आणि अमेरिकेंतील हफमन यांनीं हेलियम वायूंत ग्रॅफाइटच्या दोन कांड्यांमध्यें विजेची ज्योत पेटवून काजळी धरली आणि ती बेंझीनमध्यें घोळविली. साधी काजळी कशांतच विरघळत नाहीं. हिचा कांहीं भाग मात्र विरघळला आणि द्रावणाला रंग चढला. शुद्ध सी-६० टोल्युइनमध्यें विरघळविला तर सुंदर जांभळा रंग येतो, आणि सी-७० चा रंग तांबूस, द्राक्षासवासारखा. दोन्ही एकाच काळ्या भुकटींतून निघालेले! पुढें १९९१ सालीं जपानांतील सुमिओ इजिमा यांनीं अशाच विजेच्या ज्योतींतून आलेल्या कार्बनांत अतिसूक्ष्म नळ्या दाखविल्या, आणि २००४ मध्यें मँचेस्टर येथें ग्रॅफाइटचा एक अणु जाडीचा पापुद्रा चिकटपट्टीनें सोलून काढण्यांत आला. या दोहोंवर स्वतंत्र लेख होऊं शकतील, म्हणून येथें त्यांचा विस्तार करीत नाहीं.

आतां मुख्य अडचणीकडे वळूं. विजेच्या ज्योतींतून निघालेली काजळी म्हणजे बाजारांतून आणलेलें, खडे-मातीसह असलेलें धान्य होय. त्यांत सी-६० पुष्कळ, सी-७० त्याच्या मानानें थोडा, त्याहून मोठे रेणु अगदीं थोडे, आणि उरलेली निरुपयोगी काळी भुकटी. सुपानें धान्य पाखडतांना फोल उडतें आणि दाणा राहतो, कारण दोहोंचें वजन वेगळें. चाळणींतून चाळतांना बारीक खालीं पडतें आणि जाडें वर राहतें, कारण दोहोंचें आकारमान वेगळें. सी-६० चा व्यास मीटरच्या एक अब्जांशापेक्षांहि कमी, म्हणजे सुमारें ०·७ नॅनोमीटर. आणि सी-७० त्याहून किंचित् लांबट. एवढा बारीक भेद ओळखणारी चाळण कोठें मिळावी?

आणि ती मिळाली नाहीं तर बिघडलें काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर एका माशाच्या गोष्टींत आहे. २००४ सालीं अमेरिकेंत असा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला कीं, सी-६० मिसळलेल्या पाण्यांत ठेविलेल्या बास जातीच्या लहान माशांच्या मेंदूला इजा होते. वर्तमानपत्रांनीं तें उचलून धरलें. नवा पदार्थ विषारी ठरला. परंतु सी-६० पाण्यांत विरघळत नसल्यामुळें तो पाण्यांत उतरविण्यासाठीं प्रथम टेट्राहायड्रोफ्यूरान नांवाच्या द्रावकाचें साह्य घेतलेलें होतें. २००७ सालीं दुसऱ्या संशोधकांनीं झेब्रा माशांच्या पिलांवर ताडून पाहिलें, तेव्हां अशा रीतीनें तयार केलेल्या पाण्याचे दुष्परिणाम त्या द्रावकाच्या विघटनांतून निपजलेल्या पदार्थांकडे बोट दाखवूं लागले. सी-६० सर्वस्वीं निर्दोष आहे असा याचा अर्थ नव्हे. तसें कोणीहि म्हणूं नये. परंतु एकाच भांड्यांत चार जण असतांना अपराध कोणाचा हें ठरवावयाचें असेल तर प्रथम चौघांना वेगवेगळें उभें करावें लागतें. खोटी साक्ष न देण्याची आज्ञा आम्ही लहानपणापासून शिकलों. ती पदार्थांच्या बाबतींतहि लागू आहे असें मला वाटतें.

पदार्थ वेगळे करण्याची एक युक्ति विजेची आहे. ज्या कणावर धन विद्युत्भार असतो तो ऋणाग्राकडे ओढला जातो, ऋणभाराचा कण धनाग्राकडे. भार अधिक असेल तर ओढ अधिक; कण मोठा असेल तर द्रवाचा अडथळा अधिक. सर्वांना एकाच ठिकाणाहून सोडलें तरी थोड्या वेळानें प्रत्येकजण आपापल्या वेगाप्रमाणें पुढें-मागें होतो. शर्यतींत एका रेषेवरून सुटलेलीं मुलें जशीं पांगतात तसेंच हें होय. स्वीडनमध्यें उप्साला येथील आर्ने टिसेलिअस यांनीं १९३७ सालीं या युक्तीनें रक्तांतील पिवळसर रसाचे आल्ब्युमिन आणि आल्फा, बीटा, गॅमा ग्लोब्युलिन असे भाग वेगळे करून दाखविले. १९४८ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें. १९४९ सालीं लायनस पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सिकल सेल रोगाच्या रुग्णांचें हिमोग्लोबिन निरोगी हिमोग्लोबिनपेक्षां वेगळ्या वेगानें चालतें हें याच पद्धतीनें सिद्ध केलें. नंदुरबार आणि गडचिरोलीकडे हा रोग पुष्कळ आढळतो, आणि तेथील लेंकरांच्या रक्ताची पक्की तपासणी या तत्त्वावर होते. तेव्हां ही विद्या परदेशच्या प्रयोगशाळेंतच राहिली असें कोणी समजूं नये. हिचें इंग्रजी नांव इलेक्ट्रोफोरेसिस. आपण तिला विद्युत्-संचलन म्हणूं.

या युक्तींत एक शत्रु आहे, तो म्हणजे उष्णता. द्रवांतून वीज वाहिली कीं तो तापतो, तापला कीं त्यांत घुसळण सुरू होते, आणि मोठ्या कष्टानें वेगळे झालेले थर पुन्हां मिसळतात. यावर तोड अशी निघाली कीं नळीच इतकी बारीक करावी कीं तिच्या पोटांतील उष्णता भिंतींतून ताबडतोब बाहेर पडावी. १९८१ सालीं अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांत जॉर्गन्सन व लुकाक्स यांनीं ७५ मायक्रोमीटर पोकळीची कांचेची नळी वापरून हें उत्तम रीतीनें साधतें असें दाखविलें. ७५ मायक्रोमीटर म्हणजे साधारण डोक्याच्या केंसाची जाडी. म्हणून हिला केशनलिका हें नांव शोभतें.

आज ही नळी शुद्ध वितळविलेल्या सिलिकाची असते. ती एकटी असली तर काडीसारखी मोडेल, म्हणून बाहेरून पॉलिइमाइड नांवाच्या तपकिरी लेपानें मढवितात; मग ती बोटाभोवतीं गुंडाळली तरी तुटत नाहीं. समजा, नळी ६० सेंटिमीटर लांब आणि तिची पोकळी ५० मायक्रोमीटर आहे. विद्यार्थ्यांनीं वर्तुळाच्या क्षेत्रफळाचें सूत्र लावून पाहावें : सर्व नळी भरण्यास साधारण १·२ मायक्रोलिटर द्रव लागेल. पाण्याच्या एका थेंबांत अशा सुमारें चाळीस नळ्या भरतील! तपासावयाचा नमुना तर त्याहूनहि कमी, अवघे कांहीं नॅनोलिटर. तिच्या दोन टोंकांना ३०,००० व्होल्टचा दाब लावितात, म्हणजे दर सेंटिमीटरला ५०० व्होल्ट. आपल्या घरांतील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो हें लक्षांत घेतलें म्हणजे, हें यंत्र झांकण बंद असल्याखेरीज चालूंच कां होत नाहीं तें कळेल.

केशनलिकेचा आणखी एक चमत्कार आहे. सिलिकाच्या भिंतीवर ऋणभार असतो. त्याला चिकटून द्रवांतील धनकणांचा एक पातळ थर जमतो, आणि वीज सुरू होतांच हा थर ऋणाग्राकडे सरकूं लागून नळींतील सर्व द्रव आपल्याबरोबर ओढून नेतो. नळींतील पाणी दाबानें ढकललें तर तें मधोमध जोरांत आणि कडेला मंद वाहतें. हा प्रवाह मात्र कवाइतीच्या रांगेसारखा सरळ पुढें जातो, त्यामुळें घटकांच्या ओळी विसकटत नाहींत. ओहोटीच्या वेळीं खाडींतील सर्व होड्या समुद्राकडेच वाहत जातात, मग कोणी प्रवाहाच्या दिशेनें वल्हें मारो कीं उलट; लवकर-उशिरा मात्र पोंचतात. त्याचप्रमाणें येथें धनकण आधीं, बिनभाराचे मागाहून व ऋणकण सर्वांत शेवटीं एकाच टोंकाशीं येतात. तेथें लेप जाळून केलेल्या बारीकशा खिडकींतून जंबुपार किरण आरपार सोडलेले असतात. घटक समोरून गेला कीं प्रकाश कमी होतो आणि कागदावर एक शिखर उमटतें. शिखर केव्हां आलें यावरून कोण, आणि त्याचें क्षेत्रफळ केवढें यावरून किती, हें कळतें.

आतां सी-६० ला या नळींत सोडूं म्हटलें तर दोन संकटें एकदम उभीं राहतात. पहिलें असें कीं तो पाण्यांत विरघळत नाहीं. दुसरें असें कीं त्याच्यावर विद्युत्भारच नाहीं. होडींत बसणार नाहीं आणि वल्हेंहि मारणार नाहीं, असा हा प्रवासी! सी-६० आणि सी-७० दोघेहि केवळ प्रवाहाबरोबर वाहत जाऊन एकाच वेळीं पोंचतील, म्हणजे वेगळे होणारच नाहींत. याला एक उपाय जपानांतील शिगेरु तेराबे यांनीं १९८४ मध्यें काढलेल्या पद्धतीचा. पाण्यांत साबणासारखा पदार्थ घालावा, म्हणजे त्याचे सूक्ष्म भारयुक्त गोळे बनतात आणि तेलकट रेणु त्यांच्या पोटांत शिरून प्रवास करतात. कपड्यावरचा तेलाचा डाग साबणानें निघतो त्यांतलेंच हें तत्त्व. परंतु सी-६० सारखे रेणु पाण्याला इतके भितात कीं त्यांचे पुंजके बनतात, आणि पुंजका नळींतून गेला म्हणजे एकेका रेणूची गोष्ट कळत नाहीं.

दुसरा उपाय अधिक धाडसाचा : पाणीच नको. १९८४ सालीं जॉर्गन्सन यांच्याच प्रयोगशाळेंत नळींत पाण्याऐवजीं ॲसिटोनायट्राइल हा द्रावक भरून क्विनोलिन आणि आयसोक्विनोलिन हे दोन अगदीं जुळे पदार्थ वेगळे करून दाखविले होते. यालाच निर्जल विद्युत्-संचलन म्हणतात. ॲसिटोनायट्राइल पाण्यापेक्षां पुष्कळ पातळ आहे. त्याचा चिकटपणा पाण्याच्या निम्म्याहूनहि कमी, त्यामुळें कणांस अडथळा थोडा. परंतु सी-६० त्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. तो विरघळतो टोल्युइनमध्यें, मिलिलिटरला सुमारें ३ मिलिग्रॅम. आणि क्लोरिनयुक्त बेंझीनमध्यें त्याहूनहि अधिक. मग टोल्युइनच कां भरूं नये? कारण टोल्युइनमध्यें मीठ सुटें होत नाहीं. मिठाचे धन व ऋण कण एकमेकांस घट्ट धरून बसतात. त्यांना सोडविण्याची द्रावकाची जी शक्ति, तिचें माप म्हणजे विद्युत्-अपार्यता : पाण्याची सुमारें ७८, ॲसिटोनायट्राइलची सुमारें ३६, टोल्युइनची अवघी २·४. सुटे कण नाहींत तर वीज वाहणार नाहीं, वीज नाहीं तर शर्यत नाहीं. म्हणून दोन्ही मिसळावे लागतात : एक रेणूला विरघळविण्यासाठीं, दुसरा विजेला वाट देण्यासाठीं. त्यांत थोडें मेथनॉल वा ॲसेटिक आम्लहि घालतात. प्रमाण जमविणें हें स्वयंपाकांतील मीठ-तिखटाप्रमाणेंच हाताला सवय झाल्याशिवाय येत नाहीं. टोल्युइन जास्त झालें कीं वीज मंदावते, कमी झालें कीं सी-६० तळाशीं बसतो.

तरीहि भाराचा प्रश्न उरलाच. या पद्धतींतील खरी गंमत येथें आहे, म्हणून विद्यार्थ्यांनीं लक्ष द्यावें. अमोनियम क्षाराचा असा एक प्रकार आहे कीं त्याच्या मध्यभागीं धनभाराचा नायट्रोजन असतो आणि त्याला चारी बाजूंनीं दहा-दहा कार्बनांच्या लांब शेपट्या जोडलेल्या असतात. रसायनशास्त्रज्ञ त्याला टेट्राडेसिलअमोनियम म्हणतात. त्याच्या शेपट्या तेलकट, सी-६० हि तेलकट. ॲसिटोनायट्राइलसारख्या परक्या मंडळींत दोघांना एकमेकांचाच आधार वाटतो. शेपट्या चेंडूला जाऊन बिलगतात आणि त्यांच्याबरोबर नायट्रोजनचा धनभारहि येतो. चेंडूवर स्वतःचा भार नव्हता, पण आतां भाडोत्री वल्हेकरी मिळाला! सी-६० आणि सी-७० यांचे पृष्ठभाग लहान-मोठे असल्यामुळें त्यांना हा क्षार सारख्याच प्रमाणांत बिलगत नाहीं. त्या थोड्याशा फरकामुळें दोघांचा वेग वेगळा होतो आणि कागदावर एकाऐवजीं दोन शिखरें उमटतात. तोच क्षार नळीच्या भिंतीवरहि बसतो, तिचा ऋणभार झांकतो व प्रवाह मंद करतो. त्यामुळें शर्यत लांबते, आणि वेगांतील बारीक भेद दिसण्यास अवधि मिळतो. २०१२ सालीं बार्सिलोना विद्यापीठांतील संशोधकांनीं ॲसिटोनायट्राइल व क्लोरोबेंझीन यांच्या मिश्रणांत हाच क्षार वापरून सी-६० आणि सी-७० तर वेगळे केलेच, शिवाय सी-६० वर निरनिराळे गट जोडून केलेले पदार्थहि वेगळे करून दाखविले.

पुस्तकांतील वर्णन वाचून हें काम सोपें वाटतें, पण तसें नाहीं. टोल्युइन स्वतःच जंबुपार किरण गिळून टाकतें. २८५ नॅनोमीटरच्या खालीं पाहूं गेलें तर सर्वत्र अंधार. सुदैवानें सी-६० सुमारें ३३० नॅनोमीटरलाहि प्रकाश शोषतो, म्हणून खिडकींतून त्या ठिकाणीं पाहावें लागतें. ॲसिटोनायट्राइलमुळें नळीवरील तपकिरी लेप टोंकाशीं फुगतो आणि तोंड बुजूं शकतें. म्हणून टोंकाचा लेप आधींच जाळून टाकतात. लहानशा कुपींतील द्रावक उघडा राहिला तर उडून जातो, मिश्रणाचें प्रमाण बदलतें आणि सकाळचें शिखर दुपारीं भलत्याच वेळीं येतें. वाफ नाकांत जाऊं देणें तर सर्वथा वर्ज्य. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंत हा प्रयोग करतां येणार नाहीं हें मुलांना आधींच सांगून ठेवतों. त्यांनीं टिपकागदाच्या पट्टीवर काळ्या शाईचा ठिपका ठेवून तिचें टोंक पाण्यांत बुडवावें व शाईंतून कोणते रंग निघतात तें पाहावें. तो वीज न वापरणारा भाऊबंद होय, आणि फुलरीन मोठ्या प्रमाणावर शुद्ध करणें असेल तर अद्यापि त्याच घराण्यांतील स्तंभपद्धति वापरतात. केशनलिकेचें काम घाऊक नव्हे, पारखीचें. थेंबाच्या अंशांत काय आहे हें तिला विचारावें. किलोभर माल तिच्याकडे मागूं नये.

कार्बनच्या नळ्यांची गोष्ट याहून अवघड आहे. एका भिंतीच्या नळ्या तयार करतांना साधारण तिसरा हिस्सा धातूसारखी वीज वाहणाऱ्या आणि दोन हिस्से अर्धवाहक अशा मिसळून येतात, शिवाय लांब-आंखूड वेगळेंच. त्यांच्यावर केशनलिकेचे प्रयोग झाले आहेत, परंतु बहुतेक साबणाच्या पाण्यांत. साबणाशिवाय निर्जल द्रावकांत त्या जुडग्यांतून सुटत नाहींत, सुटल्याच तर लौकर पुन्हां गोळा होतात. येथें निर्जल पद्धतीला यश थोडें, हें मान्य केलें पाहिजे.

मात्र याच नळ्यांची निवड करतांना विद्युत्-संचलनानें एक अनपेक्षित दान पदरांत टाकलें. २००४ सालीं दक्षिण कॅरोलायना विद्यापीठांत विजेच्या ज्योतींतील काजळीपासून नळ्या शुद्ध करण्याचें काम चाललें होतें. काजळीला नत्राम्लाची प्रक्रिया देऊन ती जेलींत विजेनें चालविली, तेव्हां नळ्यांखेरीज एक वेगळाच पट्टा पुढें धांवतांना दिसला, आणि जंबुपार प्रकाशाखालीं तो चमकूं लागला. कार्बनचे ते सूक्ष्म प्रकाशमान कण पूर्वीं कोणीं लक्षांत घेतले नव्हते. आज त्यांना कार्बन-बिंदु म्हणतात. २००७ सालीं तर तसलेच कण साध्या मेणबत्तीच्या काजळीपासून काढण्यांत आले : काजळी नत्राम्लांत उकळविली, जेलींत विजेनें पाखडली, आणि निरनिराळ्या वेगाचे पट्टे निरनिराळ्या रंगांनीं चमकले. मायकेल फॅरडेनें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मुलांपुढें मेणबत्तीच्या रसायनशास्त्रावर जीं व्याख्यानें दिलीं तीं प्रसिद्धच आहेत. ज्योत पिवळी दिसते ती तींतील तापलेल्या कार्बन कणांमुळें, हें त्यानें दाखविलें होतें. तीच काजळी थंड झाल्यावरहि प्रकाश देऊं शकते हें पाहून त्याला किती आनंद झाला असता!

शेवटीं पालकांच्या कामाची एक गोष्ट. २०१२ सालीं फ्रान्समधील कांहीं संशोधकांनीं ऑलिव्ह तेलांत सी-६० विरघळवून उंदरांच्या मोठ्या जातीला पाजला आणि ते फार वर्षें जगले असें प्रसिद्ध केलें. प्रत्येक गटांत प्राणी अवघे सहा होते. तेवढ्यावर ‘आयुष्य वाढविणारें तेल’ म्हणून बाटल्या विकल्या जाऊं लागल्या, आणि त्या आजहि घरबसल्या मागवितां येतात. २०२१ सालीं दुसऱ्या संशोधकांनीं उंदरांवर पुन्हां प्रयोग केला. आयुष्य वाढलें नाहीं. उलट तेलांतील सी-६० वर प्रकाश पडला असतां तें तेल विषारी होतें असें आढळलें. अशी बाटली कोणी दाखविली तर विचारण्याजोगे प्रश्न दोन आहेत. हिच्यांत सी-६० खरोखर आहे काय व किती, आणि त्याच्या जोडीला सी-७०, उरलेला द्रावक किंवा प्रकाशानें बिघडलेले पदार्थ आहेत काय? पहिल्याचें उत्तर केशनलिका किंवा स्तंभ देऊं शकतो. तेलाचा योग्य तो अंश वेगळा काढून नळींत सोडला तर दहा-वीस मिनिटांत शिखरें कागदावर येतात. दुसऱ्याचें उत्तर मिळण्यास त्यांपैकीं प्रत्येक पदार्थाचा शुद्ध नमुना शेजारीं चालवून ताडावा लागतो, आणि जो पदार्थ प्रकाश शोषीत नाहीं तो खिडकीसमोरून जाऊनहि दिसत नाहीं, त्यासाठीं दुसरें यंत्र जोडावें लागतें. ही तपासणी ज्या बाटलीवर झालेली नाहीं तिच्यावरील चिठ्ठी म्हणजे विकणाऱ्याचें म्हणणें, एवढेंच.